पोवाडा, बखर, शकावली आणि सातवीचा वर्ग

(१)

इतिहासाचीं साधनें शोधून, ताडून व छापून प्रसिद्ध करणें हें एक कार्य, आणि तीं साधनें साधनें म्हणून वाचूं शकेल असा वाचक घडविणें हें दुसरें. पहिल्या कार्यास महाराष्ट्रांत दीडशें वर्षें होत आलीं. ‘काव्येतिहाससंग्रह’ हें मासिक सन १८७८ मध्यें निघालें. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या राजवाड्यांच्या मालेचा पहिला खंड सन १८९८ मध्यें प्रसिद्ध झाला. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना सन १९१० मध्यें झाली. तेव्हांपासून आजवर किती बखरी, किती शकावल्या, किती महजर व किती पत्रें उजेडांत आलीं याचा हिशेब या पृष्ठांच्या वाचकांस निराळा देण्याचें कारण नाहीं. पण दुसऱ्या कार्याचा हिशेब कोणी मागितला तर काय दाखवावें? संशोधक म्हणतो, तें शाळेचें काम. शाळा म्हणते, तें पाठ्यपुस्तकाचें काम. पाठ्यपुस्तक म्हणतें, एवढी जागा कोठें आहे? अशा रीतीनें तें काम ज्याच्या त्याच्या दारावरून परत जातें. त्या कामाची आजची स्थिति काय, तींत दोष कोणता, आणि तो दूर करण्यांत संग्राहकांचा व संशोधकांचा वांटा कोणता, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

विचाराची मर्यादा सहावी ते आठवी या मधल्या इयत्तांपुरतीच ठेविली आहे. त्याचें कारण असें कीं, त्या आधींच्या वयांत मुलास गोष्ट हवी असते आणि गोष्टीवर तें तृप्त असतें; त्या नंतरच्या वयांत परीक्षेचा जाच सुरू होऊन जिज्ञासेस वेळ उरत नाहीं. अकरा ते चौदा या वर्षांत मात्र मूल पहिल्यानेंच विचारतें कीं, ‘हें खरेंच असें झालें कां?’ हा प्रश्न इतिहासशास्त्राचा उंबरठा होय. त्या उंबरठ्यावर मुलास काय उत्तर मिळतें, यावर तें पुढें साधनांचा मित्र होणार, शत्रु होणार कीं केवळ उदासीन राहणार हें पुष्कळ अंशीं ठरतें. प्रस्तुत लेखकानें तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत व मराठी शिकवीत असतां, आणि अधूनमधून इतिहासाचे तासही घेत असतां, हा प्रश्न अनेक तोंडून ऐकिला आहे. आणि त्यास मिळणारीं उत्तरेंही ऐकिलीं आहेत.

(२)

प्रथम गुण सांगावा, मग दोष, ही टीकेची जुनी रीत आहे. महाराष्ट्र राज्याच्या सातवीच्या व आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘इतिहासाचीं साधनें’ हा पाठ आरंभींच घातला आहे, ही गोष्ट स्वागतार्ह होय. जुन्या क्रमिक पुस्तकांत राजे असत, लढाया असत, सनावळ्या असत. पण हें सर्व आपणांस कशावरून कळलें, याचा मागमूस नसे. तो प्रश्न आतां निदान पहिल्या पाठांत तरी उभा राहिला. पुढील पाठांतही जागोजाग चौकटी घालून पत्रांतील एखादा उतारा दिलेला असतो. हें सर्व मान्य.

पण या पाठाचें वर्गांत काय होतें? भौतिक साधनें, लिखित साधनें, मौखिक साधनें असे तीन वर्ग फळ्यावर लिहिले जातात. किल्ले व नाणीं पहिल्या वर्गांत, बखरी व पत्रें दुसऱ्या वर्गांत, पोवाडे व ओव्या तिसऱ्या वर्गांत. मुलें तें पाठ करतात. परीक्षेंत ‘साधनांचे प्रकार लिहा’ असा प्रश्न येतो. उत्तर बरोबर येतें. आणि पाठ संपतो. दुसऱ्या पाठापासून पुस्तकाचा स्वर बदलतो. आतां सांगणारा एकच, त्याचें सांगणें निःसंदिग्ध, आणि हें त्यास कोणत्या साधनावरून कळलें हें विचारण्याची सोय नाहीं. न्यायशास्त्राच्या पहिल्या पानावर चार प्रमाणें शिकवावीं आणि मग पुढें एकाही वाक्यास प्रमाण विचारूं नये, तशांतलाच हा प्रकार झाला. वर्गीकरण म्हणजे उपयोग नव्हे. सुताराच्या हत्यारांचीं नांवें पाठ केल्यानें कोणास पाट करतां येत नाहीं.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. पोवाडा मराठीच्या तासास येतो. तेथें वीररस, अनुप्रास आणि शब्दार्थ सांगितले जातात. तोच प्रसंग इतिहासाच्या तासास येतो. तेथें सन, ठिकाण आणि परिणाम सांगितले जातात. पुष्कळ शाळांत हे दोन्ही तास एकच शिक्षक घेतो. तरीही दोन तासांची गांठ पडत नाहीं. मुलाच्या मनांत मात्र सर्व एकत्रच सांचतें. आईनें सांगितलेली गोष्ट, चौथींतील पाठ, गडावर वाटाड्यानें सांगितलेली कथा, सन २०२० मधील ‘तान्हाजी’ हा चित्रपट आणि सातवीचें पुस्तक या सर्वांचें एक मिश्रण होतें; आणि त्यांतील कोणता कण कोठून आला हें सांगण्याची शक्ति त्यास कोणी दिलेली नसते.

(३)

हा दोष एका उदाहरणानें स्पष्ट करूं. उदाहरण सर्वांच्या परिचयाचें घेतों: सिंहगड. सन १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे २३ किल्ले मोंगलांस द्यावे लागले, त्यांत हा एक. तो परत घेतांना तानाजी मालुसरे पडले. या एका रात्रीविषयीं मधल्या इयत्तेच्या वर्गांत ठेवतां येतील असे चार साक्षीदार आपल्याजवळ आहेत.

पहिला साक्षीदार जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरांतील ही शकावली लोकमान्य टिळकांनीं मिळवून सन १९१६ मध्यें प्रसिद्धीस आणली. तिच्यांत तिथि आहे, आणि मोजक्या शब्दांत घडलेली गोष्ट आहे. वर्णन नाहीं, शोक नाहीं. माघ वद्य ९, शके १५९१; म्हणजे जुन्या ज्यूलियन गणनेनें ४ फेब्रुवारी १६७०.

दुसरा साक्षीदार सभासद. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस सन १६९७ च्या सुमारास बखर लिहिली. म्हणजे प्रसंगानंतर सुमारें २७ वर्षांनीं. त्याच्या कथनांत मावळे वानरांसारखे कडा चढून गेले, तानाजीची ढाल तुटली, तानाजी व उदेभान एकमेकांशीं लढतां लढतां दोघेही पडले, गडावर लावलेल्या आगीचा उजेड महाराजांनीं राजगडावरून पाहिला, आणि वर्तमान कळल्यावर एक गड हातीं आला खरा, पण एक गड हातचा गेला, अशा अर्थाचे उद्गार काढले.

तिसरा साक्षीदार शाहीर तुळशीदास. त्याचा पोवाडा कित्येक पिढ्या तोंडोतोंडीं चालत आला, आणि ॲक्वर्थ व शाळिग्राम यांच्या सन १८९१ च्या संग्रहांत छापला गेला. इतका काळ गायकांच्या मुखांत राहिलेल्या रचनेची भाषा मूळची तशीच राहणें शक्य नाहीं. या पोवाड्यांत जिजाबाईंच्या सोंगट्या आहेत, रायबाचें लग्न आहे, ऐशीं वर्षांचे शेलारमामा आहेत, आणि कड्याला चिकटणारी घोरपड आहे. सभासदाच्या बखरींत यांपैकीं एकही नाहीं.

चौथा साक्षीदार हरि नारायण आपटे यांची विसाव्या शतकाच्या आरंभींची कादंबरी, ‘गड आला पण सिंह गेला’. तिच्या नांवानें या प्रसंगास जें रूप दिलें तें आज सर्व महाराष्ट्राच्या जिभेवर आहे.

आतां वर्गांत काय शिकविलें जातें तें पाहावें. तिथि शकावलींतील, ढाल बखरींतील, लग्न व घोरपड पोवाड्यांतील, आणि शेवटचें वाक्य कादंबरीच्या मथळ्यावरचें. हें सर्व एका दमांत, एकाच खात्रीनें सांगितलें जातें. त्यावर कळस असा कीं, ‘म्हणून कोंडाण्याचें नांव सिंहगड पडलें’ असेंही सांगितलें जातें. वस्तुतः सन १६६३ मधील महाराजांच्या पत्रांतच ‘सिंहगड’ हें नांव आढळतें. म्हणजे तानाजी पडले त्याच्या सात वर्षें आधीं गडास हें नांव होतें. सभासदाच्या वाक्यांत गडाबद्दल गड गेला आहे. सिंह तेथें नाहीं. सिंह मागाहून आला, आणि आल्यावर गडाच्या नांवाची उपपत्तीही बरोबर घेऊन आला. एक सुंदर मथळा आणि एक जुनें पत्र समोरासमोर ठेवलें असतें तर सातवींतील मुलानेंही हें दहा मिनिटांत शोधून काढलें असतें. आणि स्वतः शोधलेली गोष्ट तें जन्मभर विसरलें नसतें.

(४)

येथें कोणी घाईनें असा निष्कर्ष काढील कीं, मग पोवाडा व कादंबरी वर्गांतून काढून टाकाव्या, आणि मुलांस अस्सल कागदच द्यावे. अशी शुद्धीची मोहीम चालविणारे कांहीं मित्र आपल्याच मंडळींत आहेत. हें मत प्रस्तुत लेखकास मान्य नाहीं, आणि त्याचें कारण त्याच्या संस्कृत अध्ययनांतलें आहे.

मीमांसकांपुढें हाच प्रश्न होता. वेदांत विधिवाक्यें आहेत, तशींच वर्णनाचीं, स्तुतीचीं वाक्यें आहेत. तीं शब्दशः घेतलीं तर प्रत्यक्षाशीं विरोध येतो. टाकून दिलीं तर ग्रंथाचा मोठा भाग निरर्थक ठरतो. त्यांनीं अशा वाक्यांस ‘अर्थवाद’ म्हटलें, आणि त्यांचे तीन भेद केले. लौगाक्षिभास्कराच्या ‘अर्थसंग्रहा’सारख्या प्रवेशग्रंथांतही ते दिलेले आहेत. दुसऱ्या प्रमाणाशीं विरोध येत असेल तर तो ‘गुणवाद’. तेथें वाक्य वस्तु सांगत नसून गुण सांगतें. यज्ञांतील यूपास सूर्य म्हटलें, तर तो आकाशांतला सूर्य नव्हे. त्याचें तेज सांगावयाचें आहे. दुसऱ्या प्रमाणानें आधींच कळलेली गोष्ट पुन्हां सांगितली असेल तर तो ‘अनुवाद’. आणि विरोधही नाहीं, दुसरा आधारही नाहीं, अशी घडलेली म्हणून सांगितलेली गोष्ट असेल तर तो ‘भूतार्थवाद’.

तुळशीदासाचा पोवाडा या तीन भागांत वाटून पाहावा. तानाजींनीं गड घेतला व ते पडले, किल्लेदार उदेभान होता, हा अनुवाद. शकावली किंवा बखर यांवरून तें आपणांस निराळें कळतेंच. घोरपड हा गुणवाद. माणसाचा भार घोरपडीनें पेलावा यास अनुभवाचा विरोध आहे, आणि बखरींत माणसेंच कडा चढतात. पण म्हणून घोरपड खोटी म्हणून फेकून द्यावयाची नाहीं. त्या कड्याची अवघडता आणि चढणाऱ्याची चिकाटी शाहिरास ज्या एका चित्रांत सांगावयाची होती तें चित्र ती आहे. रायबाचें लग्न व जिजाबाईंच्या सोंगट्या हा भूतार्थवाद. त्यास विरोध नाहीं, आधारही नाहीं. तें ‘झालें’ असें म्हणतां येत नाहीं, ‘झालें नाहीं’ असेंही म्हणतां येत नाहीं. उदेभान कोणाच्या हातून पडला याविषयीं मात्र पोवाडा व बखर यांत उघड विरोध आहे. पोवाडा तें यश शेलारमामांस देतो. तेथें मुलांस दोन्ही बाजू ऐकून निकाल राखून ठेवण्याची संवय लागते, आणि ती संवय इतिहासाबाहेरही उपयोगी पडते.

हे पारिभाषिक शब्द मुलांस सांगण्याची कांहीं गरज नाहीं. वहीच्या पानावर तीन रकाने आंखले म्हणजे पुरे: ‘दुसऱ्या कागदाशीं जुळतें’, ‘दुसऱ्या कशाशीं तरी जुळत नाहीं’, ‘फक्त येथेंच आहे’. प्रस्तुत लेखकानें हा प्रयोग अनेक वर्षें केला. मुलांचे रकाने नेहमीं बरोबर येत असें नाहीं. पण त्यांचे प्रश्न बहुधा बरोबर येत. एका मुलीनें विचारलें होतें कीं, सभासद बखर लिहीत होता तेव्हां त्याचें वय काय असेल, आणि त्या रात्रीं तो कोठें होता? साधनचिकित्सेचे मोठमोठे ग्रंथ याच प्रश्नापासून सुरू होतात. दुसऱ्या एका वर्षीं पंचांग पाहण्याची आवड असलेल्या मुलानें निराळेंच टिपलें. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. तेव्हां पूर्वरात्रीं कडा चढणाऱ्यांस अंधाराचा आडोसा होता. शकावलीच्या कोरड्या ओळींत अंधार लिहिलेला नाहीं; तिथीच्या पोटांत तो आहे. जो मुलगा तिथींतून अंधार काढूं शकतो त्यास शकावली कंटाळवाणी आहे असें कोण म्हणेल?

(५)

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नाहीं, त्यांत हें कोठें बसवावें? यास उत्तर एवढेंच कीं, प्रत्येक पाठ अशा रीतीनें शिकवावा असें कोणीच म्हणत नाहीं. वर्षांत दोन प्रसंग पुरेत. मात्र ते पुरते घ्यावे. मराठीचा एक तास व इतिहासाचा एक तास जोडून घेतला, म्हणजे वेळापत्रकाची फारशी मोडतोडही होत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो घरांघरांतून येतो. मुलांस असे प्रश्न विचारावयास शिकविलें तर थोर पुरुषांविषयींचा आदर उणा होईल, अशी पालकांस धास्ती वाटते. ही धास्ती थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. तिच्या मुळाशीं प्रेम आहे. पण ती खरी आहे कां हें पाहण्यास एकच पत्र पुरें आहे.

चिपळूण तालुक्यांतील हलवर्ण येथें छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदारांस, हवालदारांस व कारकुनांस महाराजांनीं राज्याभिषेकाच्या सुमारास पाठविलेलें पत्र राजवाड्यांच्या साधनखंडांत छापलेलें आहे. पावसाळा तोंडावर आहे. दाणा, गवत मोठ्या कष्टानें जमविलें आहे. तें आतांच बेहिशेबी उधळलें तर पुढें मिळणार नाहीं. घोडीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुम्ही रयतेकडे वळाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटीं, कोणी भाजीपाला. लोक घरें सोडून जातील, कांहीं उपाशी मरतील, आणि त्यांस तुम्ही मोंगलांहून वाईट वाटाल. याच पत्रांत पुढें दिव्याची गोष्ट आहे. रात्रीं दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल, आणि मग एकही घोडें वांचणार नाहीं.

पाठ्यपुस्तकांत, भिंतींवरील सुविचारांत आणि भाषणांत या पत्रांतील एकच कण येतो, तो रयतेस उपद्रव न देण्याचा. त्याचें सुभाषित झालें आहे. पत्रांतील घोडीं, गवत, पावसाळा आणि उंदीर हीं सर्व गळून पडलीं. म्हणजे अस्सल कागदही आपण अर्थवाद करून टाकला! साधनाचा हा अलंकारासारखा उपयोग पोवाड्यास इतिहास समजण्याइतकाच सदोष आहे. किंबहुना अधिक, कारण येथें प्रमाणाचा शिक्का बसलेला असतो.

हेंच पत्र मुलांपुढें पुरतें ठेवावें, आणि विचारावें: लिहिणारा कोण? कोणास? कोणत्या महिन्यांत? त्यास कशाची भीति वाटते? मुलें उंदरापाशीं थांबतात. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी छावणींतल्या दिव्याच्या वातीचा विचार करतो, ही गोष्ट त्यांच्या मनांत जी जागा करते ती कोणत्याही घोरपडीस करतां येणार नाहीं. आदर उणा होत नाहीं. आदरास बसावयास भक्कम जागा मिळते. ज्यास ही शंका असेल त्यानें एकदां हें पत्र वर्गांत वाचून पाहावें.

(६)

साधनांवरून शिकविण्याची ही कल्पना नवी नाहीं. ऑक्सफर्डच्या कीटिंग यांनीं सन १९१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या इतिहासशिक्षणावरील पुस्तकांत मूळ कागद मुलांपुढें अभ्यासासाठीं ठेवण्याचा आग्रह धरला होता. त्या पद्धतीचा पुढें इंग्लंडांत व इतरत्र पुष्कळ विस्तार झाला. पण तिच्या प्रसारांत एक विकृतीही शिरली, आणि तिचें अनुकरण आपल्याकडे होऊं लागण्याआधींच ती ओळखलेली बरी. कागदाचे दोन ओळींचे तुकडे करून त्यांखालीं ‘हा लेखक पक्षपाती आहे काय?’ असा प्रश्न घालावयाचा. मुलें लौकरच शिकतात कीं, कोणत्याही तुकड्यास ‘होय, पक्षपाती आहे’ असें उत्तर दिलें म्हणजे गुण मिळतात. ही चिकित्सा नव्हे. हा संशयाचा पाढा झाला. सर्वच खरें मानणारा मुलगा आणि सर्वच पक्षपाती मानणारा मुलगा हे दोघेही कागद न वाचतांच उत्तर देतात.

यावर उपाय आपल्याच परंपरेंत आहे. मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांचें नांव या वाचकांस सांगावयास नको. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील हजारों पत्रें वाचलीं, आणि सन १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध केला. याच शास्त्रीबोवांनीं नाटकें लिहिलीं, महाकाव्यही लिहिलें. त्यांच्या ठिकाणीं कवि व संपादक एकत्र नांदले. पण लेखसंग्रहांत पत्र पत्रच राहिलें, आणि नाटकांत कल्पनेस तिचा हक्क मिळाला. साहित्य व साधन यांचें नातें असें असावें. दोघांस एका घरांत राहूं द्यावें. मात्र शिधा निराळा ठेवावा.

(७)

येथवरची टीका शाळा व पाठ्यपुस्तकें यांवर झाली. आतां आपणांकडे वळणें प्राप्त आहे. शिक्षकानें साधन वर्गांत न्यावें असें म्हणावयाचें, तर त्यास न्यावयाजोगें साधन आपण दिलें आहे काय? आपलीं प्रकाशनें विद्वानांनीं विद्वानांसाठीं केलेलीं आहेत, आणि तें योग्यच होय. पण तीं जशींच्या तशीं सातवीच्या वर्गांत नेतां येत नाहींत. एका पत्रासाठीं शिक्षकानें दुर्मिळ खंड शोधावा, फारसी शब्दांचे अर्थ कोशांत पाहावे, हिजरी व सुहूर सन जुळवावे, हें एकट्यानें होण्यासारखें नाहीं. म्हणून तो चौकटींतल्या तुकड्यावर भागवतो. त्यास दोष देण्यापूर्वीं आपण आपली वही तपासावी.

करावयाचें काम फार मोठें नाहीं. एका प्रसंगाचा एक लहान संच: दहाबारा पानें. त्यांत मूळ मोडी कागदाचें स्वच्छ छायाचित्र, त्याखालीं ओळीस ओळ लावून देवनागरी वाचन, भाषेंत कसलाही बदल नाहीं, शुद्धलेखनाची दुरुस्ती नाहीं, कठीण शब्दांचे अर्थ समासांत, तिथीचें रूपांतर, एक नकाशा, आणि त्याच प्रसंगावरील पोवाड्याचा किंवा कादंबरीचा योग्य भाग शेजारीं, तो कोणी व केव्हां रचला हें वर लिहून. उत्तरें छापूं नयेत. असे सहा संच झाले तरी मधल्या तीन इयत्तांस वर्षाकाठीं दोनप्रमाणें पुरतील. शिवजन्मतिथीचा एक संच सहज होईल: शके १५५१, फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. जेधे शकावली व परमानंदाचें ‘शिवभारत’ या दोन परस्परांहून निराळ्या साधनांत तीच तिथि येते. एक कोरडी नोंद आणि एक संस्कृत काव्य. तेथें काव्यच साक्षीस उभें राहतें. काव्य म्हणजे खोटें, हा समज मोडण्यास याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

मोडीविषयींही दोन शब्द. शाळांतून मोडी गेली त्यास साठांहून अधिक वर्षें झालीं. ती परीक्षेचा विषय म्हणून परत आणावी असें माझें म्हणणें नाहीं. पण बारा वर्षांच्या मुलास गुप्त लिपीचें जें आकर्षण असतें त्याचा उपयोग करून आठ दिवसांत त्यास आपलें नांव मोडींत लिहितां येतें, आणि महिनाभरांत एखाद्या मायन्याच्या दोन ओळी लावतां येतात. तेवढ्यानें तो वाचक होत नाहीं. पण घरांतील जुना कागद पाहून ‘हें कांहींतरी कीडामुंगीसारखें आहे’ असें तो पुन्हां म्हणणार नाहीं.

हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नाहीं, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. आपण ज्या रुमालांच्या शोधांत गांवोगांव हिंडतों ते रुमाल उद्यां कोणाच्या हातीं जाणार आहेत? आज सातवींत असलेल्या मुलाच्या. वाडा पाडतांना माळ्यावरचें दप्तर खालीं येईल त्या दिवशीं आपण तेथें नसूं, तो असेल. त्यानें शाळेंत एकही जुना कागद हातीं धरून वाचला नसेल, तर तें दप्तर वजनावर रद्दींत जाईल. आणि असें गेलेलें दप्तर कोणत्याही मंडळास परत मिळवितां येत नाहीं. याहून वाईटही होऊं शकतें. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावानें हल्ला केला, आणि तेथील ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. त्या प्रकरणाच्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. पण त्या जमावांतील प्रत्येकजण कधींतरी कोणत्यातरी शाळेंत इतिहासाच्या तासास बसला असेल, आणि साधन म्हणजे काय हें त्यास त्या तासांत कळलें नाहीं, एवढी नोंद आम्हां शिक्षकांनीं आपल्या खातीं केली पाहिजे.

तेव्हां संग्राहकांस व संशोधकांस शेवटीं एवढीच विनंति आहे. ज्यांच्याजवळ स्वतःच्या मालकीचे कागद आहेत त्यांनीं त्यांतील एकच कागद निवडावा. तो फार महत्त्वाचा नसला तरी चालेल. एखादें खरेदीखत, एखाद्या पाटलाची तक्रार, एखाद्या घरचें खुशालीचें पत्र पुरें आहे. त्याचें छायाचित्र व शुद्ध वाचन करून जवळच्या शाळेच्या सातवीच्या वर्गास द्यावें, आणि शक्य तर मूळ कागद घेऊन एक तास स्वतः तेथें जाऊन बसावें. मुलें काय विचारतात तें लिहून घ्यावें, आणि तें टिपण या त्रैमासिकाकडे धाडावें. अशीं वीसपंचवीस टिपणें जमलीं, म्हणजे पहिला संच कोणत्या प्रसंगाचा करावा हें आपणांस अनुभवावरून ठरवितां येईल.